'सल्लामसलत पूर्ण' या रकान्याखाली सही करू का?

रानवाट

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहिते आहे, कारण थोडक्यात सांगितलं तर प्रश्नच बदलतो.

निर्यातीचं लाकूड कायदेशीर आहे का, हे तपासायची व्यवस्था एका देशात उभी राहते आहे. ओंडक्याला क्रमांक, तोडीच्या जागेपासून बंदरापर्यंत प्रत्येक टप्प्याला कागद, आणि सगळं जुळलं की निर्यातीचा परवाना. युरोपीय संघाने २००३ साली अवैध लाकडाविरुद्ध कृती आराखडा आणला आणि मग लाकूड विकणाऱ्या देशांशी करार करायला सुरुवात केली, त्याच धर्तीची ही व्यवस्था आहे. जंगलालगतच्या गावांशी सल्लामसलत करायचं काम माझ्याकडे आहे. प्रक्रिया चालू असल्यामुळे देशाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही.

११ गावांत बैठका ठरल्या होत्या, ९ झाल्या. हजेरीपटावर ४१२ नावं आहेत. फोटो आहेत, इतिवृत्तं आहेत. अहवालात एक रकाना आहे, 'स्थानिक समुदायांशी सल्लामसलत पूर्ण', आणि त्याखाली माझी सही हवी आहे. पंधरा दिवस झाले, मी ती फाइल उघडते आणि तशीच मिटते.

पाचव्या गावात मी 'कायदेशीर लाकूड' म्हणजे काय ते समजावत होते. दुभाष्याने त्यासाठी जो शब्द वापरला त्याचा अर्थ मला नंतर कळला: 'कागद असलेलं लाकूड'. मागून एक बाई उठल्या, साठीच्या असतील. म्हणाल्या, "ज्या कंपनीने आमच्या थडग्यांवरून रस्ता नेला, तिच्याकडे कागद होता. माझ्या मुलाने घराच्या तुळईसाठी एक झाड पाडलं, त्याच्याकडे कागद नव्हता. तुमच्या हिशेबात चोर कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदेशीरपणाची व्याख्या राजधानीत सात महिने आधीच ठरली होती. निकष कोणते, पुरावा कोणता, तपासणार कोण, सगळं. मला त्यातला एक शब्दही बदलायची मुभा नव्हती. मी विचारायला म्हणून गेले आणि प्रत्यक्षात सांगून आले. त्या बाईंचा प्रश्न इतिवृत्तात असा उतरला: 'ग्रामस्थांनी काही शंका उपस्थित केल्या, त्यांचे निरसन करण्यात आले.' तो मसुदा मी वाचला होता आणि पुढे पाठवला होता. हे मला सर्वात जास्त बोचतं.

तर, सल्लामसलत झाली असं नेमकं कधी म्हणायचं? या ९ बैठकांतून अजून काही वाचवता येईल का? आणि मी सही नाकारली तर गावांचं काही भलं होईल, की माझ्या जागी दुसरं कोणी सही करेल एवढंच?

कलमदान

सही करू नका. का ते सांगतो. मी वकील आहे, जमीन आणि जंगलाची प्रकरणं बघतो.

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममधल्या सारामाका लोकांचा खटला तुम्ही जरूर अभ्यासा. गुलामीतून निसटून सुरिनाम नदीच्या वरच्या अंगाला रानात वसलेल्या माणसांचे हे वंशज. १९९०च्या दशकात त्यांच्या जंगलात लाकूडतोडीचे आणि खाणींचे परवाने दिले गेले, आणि ज्यांचं रान होतं त्यांना कोणी विचारलं नाही. वाझेन एदुआर्ड्स आणि ह्यूगो जाबिनी या त्यांच्यातल्याच दोघांनी गावं एकत्र केली. प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २००७मध्ये निकाल सारामाकांच्या बाजूने लागला.

त्या निकालातली एक गोष्ट तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. न्यायालय म्हणालं की सल्लामसलत योजनेच्या सुरुवातीच्या टप्प्यातच व्हायला हवी; मंजुरीची गरज पडली तेव्हाच लोकांकडे जायचं, हे चालणार नाही. ती सद्भावनेने आणि त्यांच्या रीतीने व्हायला हवी. प्रकल्प मोठा असेल आणि त्यांच्या प्रदेशावर त्याचा खोल परिणाम होणार असेल, तर नुसतं विचारणंही पुरेसं नाही, संमती लागते. पुढे सुरिनाम सरकारने निकालाचा अर्थ स्पष्ट करून मागितला. त्यात एक मुद्दा होता, विचारायचं तरी कोणाला? २००८मध्ये न्यायालयाने सांगितलं की सारामाकांच्या वतीने कोण बोलणार हे सारामाकाच ठरवतील, सरकार नव्हे.

आता तुमच्या बैठकांकडे बघा. व्याख्या आधी ठरली, लोकांना नंतर बोलावलं. त्या ४१२ जणांना कोणी निवडलं? गावाने धाडलं होतं, की ज्यांना निरोप पोचला ते आले?

हा निकाल सुरिनामवर बंधनकारक आहे, तुमच्या देशावर नसेल. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८९चा १६९ क्रमांकाचा करार बघा. सल्लामसलतीचा हेतू सहमती किंवा संमती मिळवणं हा असला पाहिजे, असं त्याच्या सहाव्या कलमात आहे. तुमच्या देशाने तो स्वीकारला आहे का, हे आधी तपासा.

एक सावधगिरी. जंगलाकाठच्या गावातली सगळी माणसं आदिम जमातींची नसतात. नंतर येऊन वसलेले असतात, दुसऱ्याची जमीन कसणारे असतात. त्यांचे हक्क कायद्यात वेगळे आणि बहुतेकदा कमजोर असतात. 'समुदाय' या एका शब्दाखाली ते दबून जातात.

करवतकाठ

मी बारा वर्षं लाकडाच्या खरेदीत होतो, त्यातली बरीच पश्चिम आफ्रिकेत. मोजपट्टी घेऊन ओंडक्यांच्या थप्पीवर उभं राहण्यात आयुष्य गेलं. त्या बाईंचा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकला आहे.

युरोपीय संघाशी असा करार पहिल्यांदा घानाने केला, २००९मध्ये. पण तिथली खरी गाठ त्याच्याही आधीची. १९९८पासून साखळी करवतीने रानातच फळ्या कापून विकायला बंदी आहे. आणि गावोगावचे सुतार ज्या फळ्यांवर घरं, दारं, बाकं करतात त्यातल्या मोठ्या भागाचा उगम तोच. म्हणजे देशातली गरज एका बाजूला आणि कायदा दुसऱ्या बाजूला. करारात देशांतर्गत बाजारही धरायचा असं ठरलं तेव्हा हा प्रश्न टाळता येणार नव्हता. करवतवाल्याला टेबलाशी बसवल्याशिवाय 'कायदेशीर' शब्दाची व्याख्या अर्धवटच राहते, हे मी तिथे शिकलो.

दुसरी गोष्ट शेतातल्या झाडांची. घानात आपोआप उगवलेल्या इमारती झाडावर शेतकऱ्याची मालकी नाही. कोकोच्या बागेत त्याने ते झाड वीस वर्षं राखलं तरी तोडीचा परवाना दुसऱ्याला मिळतो, आणि ते झाड पडताना कोकोची चार झाडं घेऊन पडतं. मग शेतकरी रोपटं हाताएवढं असतानाच उपटतो, नाहीतर बुंध्याची साल सोलून झाड वाळवतो. मी अशी वाळलेली झाडं पाहिली आहेत. जंगल टिकवायचं म्हणून नियम करायचे आणि त्या नियमापायीच रोपं मरायची. हे राजधानीत बसून कसं कळणार? विचारल्यावरच कळतं.

रानवाट, तुम्ही गावात आकडे नेले होते का? किती घनमीटर लाकूड जाणार, त्यावर रॉयल्टी किती, गावाच्या वाट्याला काय? घानात परवानाधारकाने गावाशी सामाजिक जबाबदारीचा करार करायचा असतो, रॉयल्टीच्या ५ टक्क्यांपर्यंतच्या रकमेच्या सोयी गावाला द्यायच्या असतात. कायदेशीरपणाच्या तपासणीत तो करारही बघितला जातो. पण ५ टक्के कशाचे, हेच गावाला माहीत नसेल तर गाव मिळेल त्यावर सही करतं. आकडा नसलेली सल्लामसलत मी तरी मानत नाही.

पानगळ

वेगळं मत मांडतो. ११ गावांतल्या बैठकांसाठी देशाची व्यवस्था अडवून धरायची का? तोवर अवैध लाकूड जातच राहणार, आणि त्यात याच गावांचं जंगल जाणार. आधी साधी चौकट उभी करा, सुधारणा नंतर करता येतात.

करवतकाठ

पानगळ, तुमची घाई मला समजते, मीही एके काळी असंच म्हणायचो. लायबेरियाने असा करार २०११मध्ये केला. पुढच्याच वर्षी उघड झालं की खासगी वापराचे म्हणून दिलेले ६०हून अधिक तोडीचे परवाने देशाच्या जवळजवळ पाव जमिनीवर पसरले होते. राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांनी स्वतंत्र चौकशी लावली. दस्तऐवजांत बनावटगिरी निघाली, आणि ज्यांच्या नावाने परवाने निघाले त्या गावांतल्या कित्येकांना त्याचा पत्ताही नव्हता. शेवटी तोड थांबवावी लागली. समुदायाची संमती त्या फायलींमध्येही होतीच, कागदावर. अशा कागदावर क्रमांक घातलेला ओंडका बंदरावर पोचला तर मी खरेदीदार म्हणून तो कायदेशीर समजणार. म्हणून पहिला कागदच खरा हवा.

दुर्वा

रानवाट ताई, मी तुमच्यासारखंच काम करते, बैठका घेण्याचं. कलमदानांचं कायद्याचं म्हणणं बरोबर आहे, पण नुसतं 'सही करू नका' म्हणून भागत नाही. तुम्ही बाजूला झालात तर त्या बाईंचा प्रश्न ऐकलेलं माणूसच प्रक्रियेतून जाईल. सही करा, पण जे झालं त्याच्यावर करा. रकान्यातला शब्द खोडा आणि लिहा: 'माहिती देण्यासाठी ९ बैठका झाल्या. निकष ठरवण्यात गावांचा सहभाग नव्हता.' हे खरं आहे, आणि हे खोडायला कोणाला तरी स्वतःच्या हाताने खोडावं लागेल.

मग परत जा. मी दोन फेऱ्यांशिवाय काम धरतच नाही. पहिल्या फेरीत सांगायचं आणि निघून यायचं. मधले तीन-चार आठवडे गावाने आपसांत, आपल्या भाषेत, आपण नसताना बोलायचं. खरी चर्चा तेव्हाच होते. दुसऱ्या फेरीत आपण फक्त ऐकायचं, आणि त्यांनी जे म्हटलं ते लिहून तिथेच मोठ्याने वाचून दाखवायचं. वाचताना माणसं अडवतात, "असं नव्हतो म्हणालो." ते अडवणं म्हणजे सल्लामसलत.

बायकांची बैठक वेगळी घ्या, बाई दुभाषी घेऊन. लाकडाचे पैसे पुरुष मोजतात, पण तोडीनंतर झरा आटला, सरपण लांब गेलं, औषधी साल मिळेनाशी झाली, हे बायका सांगतात, आणि भरल्या सभेत सांगत नाहीत. तुमच्या त्या बाई उठून बोलल्या, हे खूप झालं. त्यांच्यामागे न उठलेल्या किती होत्या?

आणखी एक मागणी आत्ताच अहवालात घाला, की देखरेखीत गावाला जागा हवी. इंडोनेशियात २०१०पासून नागरी संघटनांचं स्वतंत्र देखरेख जाळं आहे आणि तिथल्या लाकूड पडताळणीच्या नियमांतच त्यांना स्थान आहे. तपासणाऱ्याच्या निष्कर्षावर ते आक्षेप घेऊ शकतात. व्याख्या ठरवताना गावाला बोलावलं नाही, ही चूक त्याने भरून येणार नाही. पण पुढे कंपनीने थडग्यांवरून रस्ता नेला तर तक्रार नेमकी कुठे द्यायची, हे तरी गावाला ठाऊक असेल.

शेवटी एक विचारते. न झालेल्या दोन बैठका का झाल्या नाहीत?

रानवाट

दुर्वा ताई, शेवटच्या ओळीवर मी दोन दिवस अडकले होते.

एका गावचा पूल वाहून गेला होता, ते खरंच राहिलं. दुसऱ्या गावाने यायला नको म्हणून सांगितलं होतं. निरोप असा होता, की झाडांवर क्रमांक आधीच पडले आहेत, आता कशाला येता. मी अहवालात दोन्ही गावांपुढे एकच कारण लिहिलं आहे: 'वेळेअभावी बैठक होऊ शकली नाही.' ९ गावांत मिळून कोणी दिलं नाही इतकं स्पष्ट मत त्या गावाने दिलं होतं, आणि मी ते खोडलं.

काल रकाना बदलला. दुर्वा ताईंनी सुचवलेलं वाक्य जवळपास तसंच घेतलं, आणि त्याखाली त्या गावाचा नकार, तारखेसकट. थडग्यांचा प्रश्न त्या बाईंच्या शब्दांत घातला. दुभाष्याबरोबर बसून ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं, माझ्या आठवणीवर सोडलं नाही. 'शंका निरसन' हे वाक्य ९ इतिवृत्तांपैकी ६मध्ये सापडलं. सहाही दुरुस्त करते आहे. दुसऱ्या फेरीसाठी वेळ आणि पैसे मागितले आहेत. वरिष्ठांचं उत्तर अजून आलेलं नाही.

करवतकाठ, आकडे नेले नव्हते. घनमीटरचे अंदाज माझ्याकडे होते, पण 'अंतर्गत' म्हणून शिक्का होता. तो काढून द्यावा अशी लेखी विनंती केली आहे. कलमदान, तो १६९वा करार या देशाने स्वीकारलेला नाही, पण इथल्या वन कायद्यात बाधित गावांशी विचारविनिमयाचं कलम आहे. त्याचा मजकूर तुम्हाला पाठवू का? व्याख्या पुन्हा उघडायला ते पुरेल का, एवढं बघाल?

नकार देणाऱ्या गावात पुढच्या आठवड्यात जाते आहे, बैठक घ्यायला नाही. त्यांचा निरोप मी आता काय शब्दांत लिहिला आहे ते वाचून दाखवायचं आहे, आणि तो तसाच पुढे जावा का, हे विचारायचं आहे.