अनुभव धागा: आपल्या बाजूचा कॉल

आमच्या संभाजीनगरच्या सकाळच्या ग्रुपमध्ये एका लाइन कॉलवरून दोन जुन्या दोस्तांचं बोलणं बंद झालंय. हौशी टेनिसला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर हे आपणच सांगायचं, रेघेला लागला तर आत, आणि शंका असली तरी आतच. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी ५-५ झाले की जीभ अडखळते. मराठवाड्यातल्या खेळणाऱ्यांनो, अनुभव लिहा. मनात सलणारेही लिहा.

लातूरहून
२०१६ चा उन्हाळा. गावाला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं येत होतं, कोर्टावर कोण मारणार? बॉल पडला की नुसता फुफाटा, वण दिसायचाच नाही. समोर एक निवृत्त सर होते. त्यांचा फटका मागच्या रेघेपाशी पडला आणि मी 'आउट' म्हणून मोकळा झालो. खरं तर मला दिसलंच नव्हतं. पुढचा माझा फटका तसाच पडला. सर वाकले, धुळीत बघितलं, आणि म्हणाले, "दिसना गेलं. पॉइंट तुमचा." सेट मी जिंकला. बाकावर बसल्यावर न राहवून त्यांना सांगून टाकलं. "मला माहीत होतं," एवढंच म्हणाले आणि स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. तीही अर्धीच भरलेली होती. त्या दिवसांत!

नांदेडहून
मिक्स्ड डबल्समध्ये आमचे हे 'आउट' म्हणाले, मला बॉल स्वच्छ आत दिसला होता. मी तसं सांगितलं, पॉइंट गेला. घरी येईपर्यंत गाडीत अबोला. पण पुन्हा तसंच झालं तरी मी तेच सांगेन.

परभणीहून
मी मुलांना शिकवतो. २००५ मध्ये रोमच्या स्पर्धेत अमेरिकेच्या अँडी रॉडिकच्या मॅच पॉइंटवर स्पेनच्या वर्डास्कोची सेकंड सर्व्हिस बाहेर दिली गेली, म्हणजे मॅच रॉडिकचीच झाली होती. रॉडिकनं स्वतःच ती आत असल्याचं सांगितलं आणि पुढे मॅच हरला. ही गोष्ट मी दर बॅचला सांगतो. परवा बारा वर्षांचा एक मुलगा रॅली चालू असतानाच थांबला. "सर, माझी रॅकेट नेटला लागली." कोणालाच दिसलं नव्हतं. कुंपणाबाहेरून वडील ओरडले, "कामून सांगितलंस?" पोरानं मान वर केली नाही, बॉल उचलून समोरच्याला दिला आणि स्कोअर सांगितला.

जालन्याहून
आमच्याकडे भांडण कॉलचं नसतं, कोर्टाचं असतं. खेळून झालं की माती सारखी करायची जाळी कोर्टावरून कोणी ओढत नाही, सगळं कोर्ट सांभाळणाऱ्या मामांवर टाकून गाड्या काढतात. मामांचं वय सत्तर आहे.