‘इन्फ्रिंज’ म्हणजे नुसतं उल्लंघन नव्हे

इंग्रजीत ‘इन्फ्रिंज’ दिसलं की मराठीत आपण सरसकट ‘उल्लंघन करणे’ लिहून मोकळे होतो. दसरा चौकात कुणी सिग्नल तोडला तर उल्लंघन ठीकच आहे, पण तिथं इंग्रजीतही सहसा ‘व्हायोलेट’ किंवा ‘ब्रेक’ येतं. ‘इन्फ्रिंज’ नियमांबद्दल चालतं, तरी त्याचा खरा मुक्काम दुसऱ्याच्या हक्कापाशी. पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क यांना ते थेट लागतं. स्वातंत्र्य किंवा खासगीपणा आला की बहुधा ‘इन्फ्रिंज ऑन’ होतं. मूळ लॅटिन, अर्थ मोडणे. ‘फ्रॅक्चर’ त्याच घरातलं.

आपल्याकडं शेजारी दरसाल नांगरताना बांधाकडं एखादं तास, म्हणजे नांगराची ओळ, जादा घालतो, त्याला बांध कोरणं म्हणतात. ‘इन्फ्रिंज ऑन’ला याहून चपखल मराठी मला माहीत नाही. बांध जागेवर दिसतो, पण हद्द आत सरकलेली असते. औपचारिक लिखाणात ‘हक्कावर अतिक्रमण’ किंवा ‘हक्काला बाधा’ म्हणावं. ‘हक्कभंग’ मात्र जपून वापरावा. तो विधिमंडळाच्या विशेषाधिकारासाठी इतका रुळलाय, की वाचकाला आधी प्रस्तावच आठवतो.

आता कोल्हापुरी चपलेचं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा ‘जीआय इन्फ्रिंजमेंट’ (जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन) हा शब्द गावभर झाला. चीड रास्तच होती. कातडं कमावण्यापासून वेणी विणण्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कारागिरांचं सुरुवातीला नावही घेतलं गेलं नव्हतं. पण शब्द तपासून घ्यायला हवा. २०१९ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून जे भौगोलिक मानांकन मिळालं, ते मुख्यतः ‘कोल्हापुरी’ या नावाला संरक्षण देतं, चपलेच्या आकाराला नाही. त्या शोमध्ये हे नाव वापरलंच नव्हतं. म्हणून तिथं ‘नक्कल’ म्हणा, ‘श्रेय लाटलं’ म्हणा. कायद्यातलं ‘इन्फ्रिंज’ सहजी लागू होत नाही.

उलट, या आठ जिल्ह्यांबाहेर मशिनवर काढलेली रेक्झिनची चप्पल कुणी ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून विकली, तर बातमीत बेधडक ‘मानांकनाचा भंग’ लिहावं. तिथं हा शब्द नेमका बसतो, आणि मराठीत तो नेमका तिथंच फारसा वाचायला मिळत नाही.