माइजिशानच्या मूर्ती मातीच्या का?

प्रश्न (जळगाव): अजिंठा लहानपणापासून पाहिलेला असल्याने चीनमधील माइजिशान या पवित्र डोंगरावरील बौद्ध लेण्यांविषयी वाचताना प्रश्न पडला, की तेथील बहुतेक मूर्ती दगडात कोरलेल्या का नाहीत?

उत्तर (चाळीसगाव): दादा, अजिंठ्याचा बेसाल्ट कठीण आहे, माइजिशानचा खडक मात्र गोटे आणि वाळू चिकटून बनलेला असल्याने त्यात नाक-डोळे कोरता येत नाहीत, म्हणून कारागिरांनी आतल्या सांगाड्यावर माती लिंपून मूर्ती घडवल्या. १३३ क्रमांकाच्या लेण्यातील लहान भिक्षूचे मिटल्या ओठांतले हसू अवश्य पाहा.

उत्तर (धुळे): नावाचा अर्थच 'गव्हाची गंजी' आहे, आणि छायाचित्र पाहताच खळ्याची आठवण होते. पायथ्याशी मंदिर आहे. लेण्यांत मात्र कड्याला बिलगलेल्या जिन्यांनीच जावे लागते. २०१४ साली रेशीम मार्गासोबत त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.