पुणे की नाशिक: आधी वर्षभर भाड्याने रहा

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीहून परत यायचं पक्कं झालंय, आईबाबा कोथरूडला, मुलगी सातवीत जाणार, आणि बाणेरला फ्लॅट की नाशिकला बंगला हे ठरत नाहीये. माझं ऐकाल तर पहिलं वर्ष काहीच विकत घेऊ नका, आईबाबांकडे रिक्षाने पटकन जाता येईल असं घर भाड्याने बघा. बाणेर-बालेवाडीत सोसायट्या छान आहेत, पण घर बघायला जाल तेव्हा एजंटला नाही, वॉचमनला विचारा की मे महिन्यात दिवसाला टँकर किती येतात, आणि मेंटेनन्सच्या बिलात पाण्याचे वेगळे लावतात का तेही बघा. कोथरूडला पार्किंगची बोंब आहे, पण वनाजपासून मेट्रो आहे, शिवाय आईबाबांची रोजची माणसं तिथेच आहेत हो.

नाशिक मलाही मनापासून आवडतं, गंगापूर रोडला संध्याकाळी काय सुंदर हवा असते! पण रात्री बाबांना अॅडमिट करायची वेळ आली तर दोनशे किलोमीटरवरून, तेही चाकणचं ट्रॅफिक ओलांडून, कधी पोचणार?

मुलीचं मराठी वाचन आत्ताच सुरू करा, 2020 च्या कायद्याने इथे सगळ्या बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीचं आहे. आणि तुमच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असेल तर फ्लॅट-बंगला चालतो, शेतजमीन विकत घेता येत नाही, तेव्हा मुळशीकडे कोणी फार्महाऊसचा प्लॉट दाखवला तर सातबारा आणि जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, असल्याचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.