गणपतीपुळ्याचा समुद्र: मुलांना पाण्यात सोडावं का?

धागाकर्ती (पुणे): येत्या अंगारकीला आम्ही अकरा जण गणपतीपुळ्याला निघालोय, त्यात चार मुलं. सासूबाईंना दर्शन हवंय, मुलांना समुद्र. पण तिथे कोणी बुडाल्याची बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. बुकिंग रद्द करावं असं मला वाटतं, घरात कोणालाच पटत नाही. तुमचं मत सांगा.

प्रतिसाद १ (रत्नागिरी): रद्द अजिबात करू नका. आमचा जन्म या किनाऱ्यावर गेला. देऊळ आणि पुळण लागूनच, त्यामुळे माणूस प्रदक्षिणा घालून उतरतो तो थेट पाण्याकडे. जीवरक्षक शिट्टी मारत असतो, ती ऐकायची. न ऐकणारेच बुडतात. समुद्राला का दोष?

प्रतिसाद २ (नाशिक): हे मला मान्य नाही. माझा दहा वर्षांचा भाचा तिथे गुडघाभर पाण्यात उभा होता. लाट मागे सरली, टाचेखालची वाळू निसटली, तो बसकण मारून पडला आणि पुढच्या लाटेबरोबर आत गेला. मी चार पावलांवर होते, तरी हात पोचला नाही. जीवरक्षकाने उडी घातली म्हणून तो आज आहे. त्याने कोणाचं ऐकलं नव्हतं? लाटांच्या आवाजात शिट्टी ऐकूच येत नाही हो.

प्रतिसाद ३ (ठाणे): ताईंशी सहमत. २०१६ साली १ फेब्रुवारीला रायगडमधल्या मुरूडला पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडून गेली. प्रत्येक वेळी 'पर्यटकांचा उतावीळपणा' म्हणून हात झटकायचे का? गोव्यात २००८ पासून पगारी जीवरक्षक आहेत, लाल झेंडा लागला की पाण्यात उतरू देत नाहीत. मंदिराची आणि हॉटेलांची कमाई ज्या गर्दीवर चालते, तिच्यासाठी आपल्याकडे मोजकेच जीवरक्षक का?

प्रतिसाद १ (रत्नागिरी): भाच्याचं वाचून वाईट वाटलं, ताई. 'न ऐकणारेच' हा शब्द मागे घेतो. जीवरक्षक वाढायला हवेत हेही खरं. पण गोव्यातही २०२४ च्या नाताळात कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एक जण गेलाच. त्यामुळे भरती-ओहोटी स्वतःला कळलीच पाहिजे.

आमच्याकडचा ठोकताळा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती. अंगारकीला लोक रांगेतून सुटून, जेवून किनाऱ्यावर येतात ते तीन-चारलाच. तिथून रात्री नऊपर्यंत पाणी बाहेर ओढतं. गर्दी सगळ्यात जास्त, आणि ओहोटीही तेव्हाच. शिवाय जिथे लाट फुटत नाही, तो गुळगुळीत पट्टा शांत वाटतो, पण पाणी परत जायची वाट तीच. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, आडवे पोहत बाजूला या.

प्रतिसाद २ (नाशिक): हे गणित तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, तर त्या दिवशी चार वाजता आम्ही मुलांना उतरवलंच नसतं.

धागाकर्ती: बुकिंग दोन दिवसांनी वाढवलं. अंगारकीला फक्त दर्शन, पाण्याकडे कोणी फिरकणार नाही. षष्ठीला भरती दुपारी साडेचारला येते, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी साडेदहानंतर पाणी चढतं असेल. तेव्हा जीवरक्षकासमोर, घोट्यापर्यंत, मुलांचे हात आमच्या हातात. पाच वर्षांची धाकटी वाळूतच खेळेल. सासूबाईंनी तिच्याजवळ बसायचं कबूल केलंय.