मराठी उपासना चालू ठेवावी की इंग्रजी मंडळीत सामील व्हावं? (वास्को, गोवा)

वास्कोची_सून:
सर्वांना ख्रिस्ती सलाम. आमची मराठी मंडळी अगदी लहान आहे. एका शाळेचा वर्ग भाड्याने घेऊन रविवारी संध्याकाळी पाचला उपासना असते. सडा, बायणा, चिखली, झुआरीनगर इथून मिळून बारा-तेरा माणसं येतात. सासरे मूळचे नेवाशाकडचे, गोवा मुक्तीनंतर बंदरात नोकरीला आले. त्यांच्यासारख्याच चार घरांनी ही मंडळी उभी केली. आता निम्म्यांच्या बदल्या झाल्या, काही देवाघरी गेले. पाळकसाहेब बेळगावहून महिन्यातून एकदा येतात. चोर्ला घाटात दरड कोसळली की तेही राहतं, आणि मग प्रभुभोजन पुढच्या महिन्यावर. माझी दोन्ही मुलं सकाळी इंग्रजी उपासनेला जातात. तिथे गिटार आहे, त्यांच्या वयाची पोरं आहेत. मी त्यांना दोष देत नाही.

गेल्या जुलैत एका रविवारी सासूबाई, मी आणि दाबोळीचे एक काका, एवढेच होतो. त्यात लाईट गेली. मी म्हटलं, प्रार्थना करून घरी जाऊ. सासूबाई म्हणाल्या, "का गं? देवबाप्पा काय हजेरी मांडून बसलाय?" झालं! सगळा क्रम पार पडला. गीतं त्यांनी न बघता म्हटली (उपासना संगीत हे आमचं गीतांचं पुस्तक पावसामुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेलं, ते सोडलंसुद्धा नाही). दानाची थाळी तिघांत फिरली. शेवटी मला सूचनाही वाचायला लावल्या. त्यातली एक सूचना होती, उपासनेला वेळेवर यावे.

आता वर्गाचं भाडं वाढतंय आणि काही जण म्हणतात, पुरे झालं. तुम्ही काय कराल? कृपा करून मत्तय 18:20 सांगू नका. दोघे-तिघे जमण्याचं ते वचन आम्ही दर रविवारी ऐकतो.

पुणेकर_योहान:
ताई, स्पष्ट बोलतो. सामील व्हा. विश्वास भाषेत नसतो. तेरा माणसांनी भाडं भरण्यापेक्षा ते पैसे गरजूला द्या.

वास्कोची_सून:
पटतं, पण सासूबाईंना आणि आणखी चौघांना इंग्रजी उपदेश कळत नाही. त्यांनी तिथे काय नुसतं उठायचं नि बसायचं?

नगरकर:
ताई, तुम्ही आमच्याच भागातल्या निघालात. आमच्याकडे खेड्यापाड्यांत पाळक दर रविवारी कधी मिळतच नव्हता. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून शाळामास्तरच उपासना घ्यायचे. माझे आजोबा मास्तर होते. उपदेश जमला नाही तर शास्त्राचा एक अध्याय वाचायचे, दोन भजनं, प्रार्थना, संपलं. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा तेवढा पाळकांसाठी ठेवायचा, बाकी काही अडत नाही. एक मात्र करा, कामं वाटून द्या. वाचन एकाकडे, थाळी दुसऱ्याकडे, पेटी तिसऱ्याकडे. ज्याच्याकडे काम असतं तो पाऊस असला तरी येतो. नुसतं ऐकायला येणारा ढग पाहूनच घरी बसतो.

मुलांचं म्हणाल तर घाई नको. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि लक्ष्मीबाईंचा 1900 चा. एवढी वर्षं नवरा-बायकोचा धर्म वेगळा होता. तुमच्या घरात तर फक्त सकाळची आणि संध्याकाळची वेळ वेगळी आहे.

सासष्टीकार:
मी कॅथलिक, माझी मराठी सांभाळून घ्या. आमच्याकडे मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लादीन, म्हणजे गाऊन म्हटलेली प्रार्थना असते. पाद्री लागत नाही. मेस्त (गाणाऱ्यांचा मास्तर) सुरुवात करतो, एखादं व्हायोलिन असतं, लोक लॅटिन शब्द तोंडपाठ म्हणतात. अर्थ किती जणांना कळतो ते विचारू नका! नंतर उकडलेले चणे, आणि मोठ्यांना थोडी फेणी. काही वाड्यांवर आता मोजकीच घरं उरलीत, बाकी सगळे लंडनला, तरी लादीन चुकत नाही. आणि मराठीबद्दल म्हणाल तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण ओव्यांमध्ये लिहिलं ते इथेच सासष्टीत राहून, 1616 साली छापलंही गेलं. तेव्हा गोव्यात येशूची स्तुती मराठीत करायला तुम्ही पाहुणे नाही.

पुणेकर_योहान:
चणे आणि फेणी असेल तर मीही मराठीतच येतो. 😄 पण भाड्याचा प्रश्न राहिलाच.

वास्कोची_सून:
सगळ्यांचे आभार. फेणी आमच्यात चालत नाही, चण्यांचं बघू. काल सगळे बसलो. वर्ग सोडायचा, आळीपाळीने घरी उपासना घ्यायची आणि पाळकसाहेब येतील त्या रविवारीच वर्ग घ्यायचा असं ठरलं. शाळेने एका दिवसाचं भाडं घ्यायला होकार दिलाय. नगरकर दादा, कामं वाटली. थाळी दाबोळीच्या काकांकडे, आणि वाचन सासूबाईंनी माझ्या धाकट्याच्या गळ्यात मारलं. तो म्हणतो, महिन्यातून एकदाच, आणि मराठी जोडाक्षरांना हसायचं नाही. मान्य केलंय.

पेटी माझ्याकडे आली. वरच्या सप्तकातला एक सूर दाबला की खालीच राहतो. वास्को किंवा मडगावात पेटी दुरुस्त करणारं कोणी माहीत असेल तर इथेच कळवा.