रेसच्या आधी स्ट्रेचिंग केलं की पाय जड का पडतात?

पळतोय_अजून: मंडळी, मी 200 मीटर पळतो. आमच्या ग्रुपमधे रेसआधी खाली बसून पाय पसरायचे, अंगठे धरायचे आणि दीड-दोन मिनिटं तसंच राहायचं, मग मांड्या मग पोटऱ्या, अशी सवय आहे. पण ते केलं की स्टार्टिंग ब्लॉकमधून निघताना जोरच लागत नाही. परवा उशीर झाला म्हणून नुसतं जॉगिंग आणि दोन-तीन स्ट्राइड (वेग वाढवत छोटी धाव) मारून पळालो तर उलट मस्त वाटलं. मनाचे खेळ आहेत का हे? आणि स्ट्रेचिंग सोडलं तर हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) जाईल ही भीती आहेच.

लांबउडी: मनाचे खेळ नाहीत रे. एकच स्नायू 60 सेकंदांच्या वर ताणून धरला की लगेच नंतर त्याचा जोर थोडा कमी होतो, सरासरी 4-5 टक्के. 30 सेकंदांच्या आत असेल तर फरक नगण्य. मी 10 मिनिटं हलकं जॉगिंग, मग लेग स्विंग, लंजेस, ए-स्किप (गुडघे वर उचलत उड्या मारत जाणं) आणि शेवटी 60 मीटरचे तीन-चार स्ट्राइड, प्रत्येक आधीच्यापेक्षा जोरात. स्नायू गरम झाला की पॉवर वाढते, नावातच वॉर्म आहे आणि आपण जमिनीवर बसून गार होतो!

जुना_गोलकीपर: एवढंही स्ट्रेचिंगला झोडपू नका, हर्डल्सवाल्याला किंवा जिम्नॅस्टला ती लवचिकता लागतेच, फक्त लांब स्ट्रेचिंग वेगळ्या वेळी करावं. हॅमस्ट्रिंगचं म्हणशील तर ताणण्यापेक्षा ताकद कामाला येते. फुटबॉलमधे फिफाचा 11+ हा 20 मिनिटांचा वॉर्मअप आहे, त्यात पळणं, ताकद, तोल सगळं येतं, नॉर्डिक पण आहे (गुडघ्यावर बसायचं, कुणीतरी घोटे धरायचे आणि हळूहळू पुढे झुकायचं, पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही). जे नियमित करतात त्यांच्या दुखापती साधारण 30 टक्क्यांनी कमी झाल्यात. पण नॉर्डिक ट्रेनिंगच्या दिवशीच कर, रेसच्या दिवशी अजिबात नको.

पळतोय_अजून: भारी! पण कॉल रूममधे (रेसआधी धावपटूंना जमवतात ती खोली) 15-20 मिनिटं बसवून ठेवतात, त्यात सगळा वॉर्मअप उतरतो, त्याचं काय?

लांबउडी: बसूच नकोस. ट्रॅकपँट शेवटपर्यंत अंगावर ठेव, जागच्या जागी उड्या मार, आणि स्पाइक्सच्या लेस आत जायच्या आधीच बांध. मी एकदा आयत्या वेळी बांधत बसलो आणि स्टार्टर थांबला नाही 😅